मकेंड्रिक, पटकीचं एक गाव आणि मुंबईचा प्लेग : साथीच्या गणिताचे दोन पेपर

पायवाट

साथीचं गणित म्हटलं की हल्ली सगळ्यांना एसआयआर मॉडेल आठवतं, म्हणजे निरोगी, आजारी आणि साथीतून बाहेर पडलेले अशा तीन गटांची समीकरणं. २०२० साली वर्तमानपत्रांनी ते घरोघरी पोचवलं. या मॉडेलचा मूळ पेपर १९२७ चा, केरमॅक आणि मकेंड्रिक या जोडीचा. त्यात प्रत्यक्ष साथीचा जो आलेख आहे तो मुंबईच्या प्लेगचा. त्यावर बोलूच. पण आधी सांगायचंय ते त्याच्या एक वर्ष आधीच्या, मकेंड्रिक यांनी एकट्यानं लिहिलेल्या पेपरबद्दल. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. वैद्यकाच्या प्रश्नाला गणित कसं लावावं हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही, आणि ते १९२७ च्या पेपरइतकं प्रसिद्ध नाही याची मला खंत वाटते.

अँडरसन ग्रे मकेंड्रिक (१८७६–१९४३) मूळचे एडिंबरोचे, शिक्षणानं डॉक्टर. १९०० मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९०१ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर मलेरियाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेले. रॉस म्हणजे सिकंदराबादला १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी शोधणारे आणि १९०२ चं नोबेल मिळवणारे. रॉस यांना स्वतःला आपल्या गणिताचा मोठा अभिमान होता. मलेरिया थांबवायला सगळे डास मारावे लागत नाहीत, त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरतं, हे त्यांनी समीकरणांतून मांडलं होतं. त्यांच्यामुळे या तरुण डॉक्टरला गणिताची जी ओढ लागली ती कायमची. पुढे मकेंड्रिक कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, आजारपणामुळे १९२० मध्ये मायदेशी परतले आणि एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची प्रयोगशाळा सांभाळू लागले. भारतात असतानाच एम. केशव पै यांच्यासोबत त्यांनी जिवाणूंच्या वाढीवर एक गणिती निबंध लिहिला होता. नळीतल्या जिवाणूंची वाढ आधी भराभर होते आणि खाद्य संपत आलं की मंदावते, याचं समीकरण त्यात आहे.

१९२६ चा पेपर एडिंबरो मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. नावाचा सरळ अर्थ, वैद्यकीय प्रश्नांत गणिताचे उपयोग. त्यात बऱ्याच गोष्टी आहेत. लोकसंख्येतल्या माणसांच्या वयाचा हिशेब ठेवणारं एक समीकरण आहे, ते आज पेशींच्या वाढीपासून लोकसंख्याशास्त्रापर्यंत सगळीकडे वापरलं जातं. मला मात्र त्यातलं पटकीचं उदाहरण सर्वांत आवडतं.

भारतातल्या एका खेड्यात पटकीची, म्हणजे कॉलराची, साथ आली. गावात २२३ घरं. १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत एकेक रुग्ण, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. झालं, एवढीच माहिती. कुठलं घर कुठे आहे, कोण कुठलं पाणी पितं, काही नाही.

आता समजा, सगळ्या घरांना धोका सारखाच होता आणि कोणाच्या घरी किती रुग्ण होतील हा निव्वळ योगायोग होता. मग आकडे प्वासाँ वितरणात बसायला हवेत. सरासरी माहीत असली की निव्वळ योगायोगानं किती घरांत शून्य, एक, दोन रुग्ण पडतील हे सांगणारं ते सूत्र. सरासरी दर घरामागे ०.३९ रुग्ण. या हिशेबानं बिनरुग्णाची घरं साधारण १५२, एका रुग्णाची ५९, दोनची ११ आणि तीनची एक किंवा दोन असायला हवीत. प्रत्यक्षात एका रुग्णाची घरं फक्त ३२ आहेत आणि तीनची ६. म्हणजे आजार निम्म्या-अधिक गावाला टाळून उरलेल्या घरांवर तुटून पडला आहे.

यावर मकेंड्रिक यांनी विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. या १६८ घरांत दोन प्रकारची घरं मिसळली नसतील का? काही घरांपर्यंत धोका पोचला होता, पण ती नशिबानं वाचली. बाकीच्यांपर्यंत तो पोचलाच नव्हता. नोंदवहीत दोघांपुढेही शून्यच लिहिलेलं. रुग्ण असलेल्या ५५ घरांच्या आकड्यांवरून धोका पोचलेली घरं एकूण किती असावीत हे काढता येतं. रीत सोपी आहे. रुग्णांची बेरीज ८६. प्रत्येक घराच्या रुग्णसंख्येचा वर्ग करून बेरीज केली तर १६६. आता १६६ मधून ८६ वजा केले की ८०, आणि ८६ च्या वर्गाला या ८० नं भागायचं. उत्तर ९२.४५, म्हणजे सुमारे ९३ घरं. या ९३ घरांवर प्वासाँ लावलं की अपेक्षित आकडे येतात : शून्य रुग्ण ३७, एक ३४, दोन १६, तीन ५, चार १. प्रत्यक्ष आकड्यांशेजारी ठेवून बघा, ३२, १६, ६, १.

मकेंड्रिक यांनी निष्कर्ष काढला की आजार पाण्यातून आला असावा, गावात अनेक विहिरी असाव्यात आणि २२३ पैकी सुमारे ९३ घरं दूषित झालेल्या एका विहिरीचं पाणी पीत असावीत. गावात चौकशी झाली तेव्हा खरंच तशी एक विहीर सापडली, गावातल्या ठरावीक लोकांची.

लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाची १८५४ ची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिथे जॉन स्नो यांच्याकडे नकाशा होता, पत्ते होते. इथे नकाशाच नाही, पाच आकडे आहेत. आपल्या देशातल्या गावाची ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जावी, एवढ्यासाठी हा धागा.

---

कंदील

मॅडम, मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. तुमची रीत वाचून मी वेगळ्या मार्गानं करून बघितलं, स्प्रेडशीटमध्ये. धोका पोचलेली घरं २२३ आहेत असं आधी धरलं. त्यावरून सरासरी काढली, सरासरीवरून बिनरुग्णाच्या घरांचं प्रमाण काढलं आणि ५५ घरं दिसायला एकूण किती घरं लागतील ते काढलं. आलं १७२. तोच आकडा पुन्हा आत घातला तर १४०. मग १२०, मग १०७. खाली खाली येत ८८-८९ ला थांबलं, पुढे हलेना. तुमच्या ९३ पेक्षा थोडं कमी. कुठलं बरोबर धरायचं?

---

पायवाट

कंदील, शाब्बास! दोन्ही बरोबर आहेत, अंदाजाच्या रीती वेगळ्या आहेत. मकेंड्रिक यांची रीत बेरजांवरून थेट उत्तर देते. तुम्ही केलीत ती कमाल शक्यतेची रीत, म्हणजे हाती आलेले आकडे येण्याची शक्यता ज्या अंदाजानं सर्वांत जास्त ठरते तो निवडायचा, आणि ज्या पद्धतीनं फिरत फिरत गेलात तिला आज ईएम अल्गोरिदम म्हणतात. न दिसलेल्या गोष्टीचा अंदाज करायचा, त्यावरून सरासरी सुधारायची, सुधारलेल्या सरासरीवरून पुन्हा अंदाज. ही पद्धत १९७७ मध्ये त्या नावानं प्रसिद्ध झाली. झिआओ-ली मेंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक निबंध लिहून तिचं नातं मकेंड्रिक यांच्या या पटकीच्या गणिताशी जोडून दाखवलं. तुमच्या वर्गात ईएम शिकवतील तेव्हा हे उदाहरण जरूर मांडा. फळ्यावर पाच आकड्यांत होतं.

---

परळचा_माणूस

लेख वाचनखूण करून ठेवला. मुंबईच्या प्लेगबद्दल लिहिणार म्हणालात म्हणून थोडी पूर्वपीठिका देतो. माझं सगळं आयुष्य परळमध्ये गेलं आणि या विषयावर मी बरीच वर्षं वाचतो आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिल्यांदा प्लेगचे निदान केले. ते मूळचे गोव्याचे. पुढची हकिगत आपल्याकडे शाळेतच शिकवतात : साथरोग कायदा १८९७ चा, त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, आणि जूनमध्ये पुण्यात रँडचा वध झाला. प्लेगची लस बनवणारे हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली तीही मुंबईतच. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

ज्या आकड्यांवर तो आलेख काढला आहे ते कसे आले, हे फार कमी सांगितले जाते. १९०५ पासून प्लेगच्या संशोधनासाठी नेमलेले पथक परळच्या याच प्रयोगशाळेत काम करत होते. शहरभर उंदीर पकडून आणत, कापून तपासत, त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजत. त्यातून क्रम स्पष्ट झाला. आधी गटारांतल्या मोठ्या उंदरांत साथ, मग घरांतल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत. उंदीर मेला की पिसू माणसाकडे वळते. पिसवेचा संशय पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत १८९८ मध्येच मांडला होता, पण तो मान्य व्हायला मुंबईतले हे चिकाटीचे काम लागले. पथकातले ग्लेन लिस्टन यांचे नाव यात आदराने घ्यायला हवे. १९०७ मध्ये हे अहवाल छापून आले. एडिंबरोत बसून कोणी आलेख काढू शकले ते या मोजणीच्या जोरावर. घराघरांतून मेलेले उंदीर गोळा करणारे आपलेच लोक होते, त्यांची नावे कुठल्याही पेपरात नाहीत.

---

सांजपाखरू

परळचा_माणूस, शेवटच्या वाक्याला +१.

पायवाटताई, आता १९२७ चा आलेख सांगाच.

---

उत्तररेषा

मी पेशानं अभियंता आहे, या आलेखावर हात चालवून बघितला आहे, म्हणून ताईंच्या आधी घुसतो.

आलेख १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळाचा, मुंबई बेटावरचा. उभ्या अक्षावर दर आठवड्याचे मृत्यू. केरमॅक आणि मकेंड्रिक यांनी टिंबांवरून काढलेल्या रेषेचं सूत्र असं : आठवड्याचे मृत्यू = ८९० गुणिले (०.२ गुणिले आठवडा, वजा ३.४) याच्या हायपरबोलिक सेकंटचा वर्ग.

सूत्र बघून घाबरू नका. हायपरबोलिक सेकंट म्हणजे शून्यापाशी १ असणारं आणि दोन्हीकडे शून्याकडे उतरत जाणारं फलन. तीन गोष्टी लगेच वाचता येतात. कंसातली किंमत शून्य होते तेव्हा शिखर, म्हणजे १७ वा आठवडा. १७ डिसेंबरपासून मोजलं की एप्रिल १९०६ चा मध्य. शिखरावर आठवड्याला ८९० मृत्यू. आणि रेषेखालचं सगळं क्षेत्रफळ काढलं तर ८,९०० येतं, ती या साथीतल्या मृत्यूंची सूत्रानुसार एकूण संख्या. आणखी एक मी काढून बघितलं. शिखराच्या निम्म्याहून वरचा काळ जेमतेम नऊ आठवड्यांचा आहे आणि सुमारे ७० टक्के मृत्यू त्या नऊ आठवड्यांत पडतात. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. त्या दोन महिन्यांत शहराचं काय झालं असेल, हे त्या सुबक रेषेकडे बघून कळत नाही.

---

पायवाट

उत्तररेषा, छान उलगडलंत. आता त्या रेषेसोबत लेखकांनी स्वतः काय लिहिलंय ते बघा, कारण पाठ्यपुस्तकांत आलेख छापतात आणि हा भाग गाळतात.

त्यांनी म्हटलंय की माणसांतला प्लेग म्हणजे उंदरांतल्या प्लेगची सावली. म्हणून समीकरणं खरं तर उंदरांची आहेत. ती लागू पडायला पुढच्या गोष्टी गृहीत धराव्या लागतात. सगळे निरोगी उंदीर सारखेच बळी पडण्याजोगे. बेटावरच्या प्रत्येक उंदराला लागण होण्याची शक्यता सारखी. लागण, बरं होणं आणि मरणं यांचे दर साथीभर तेच. प्रत्येक आजारी उंदीर एक तर मेला किंवा कायमचा सुरक्षित झाला. आणि पिसवा इतक्या की उंदरानं उंदराला थेट लावावं तसंच जणू. यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, जुळणी अगदी नेमकी येईल अशी अपेक्षा ठेवू नये आणि स्थिरांकांच्या किमतींवरून अनुमानं काढू नयेत, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलंय. त्यांचा दावा एवढाच, की साथभर दर बदलले नाहीत असं धरलं तरी रेषा आकड्यांशी ढोबळमानानं जुळते.

पेपर कशासाठी लिहिला होता, तेही महत्त्वाचं. साथ संपते ती बळी पडण्याजोगं कोणी उरलं नाही म्हणून, की पुष्कळ लोक अजून शिल्लक असतानाही ती आपोआप ओसरू शकते? त्या काळी हा मोठा वादाचा प्रश्न होता. त्यांनी सिद्ध केलं की ओसरू शकते. निरोगी लोकांची दाटी एका उंबरठ्याखाली गेली की प्रत्येक रुग्ण सरासरी एकाहून कमी जणांना आजार देतो आणि साथ मावळायला लागते.

एक जाता जाता. हा पेपर रॉयल सोसायटीकडे सादर केला गिल्बर्ट वॉकर यांनी. भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते ते, मान्सूनच्या अंदाजासाठी आकडेमोड करता करता दक्षिणी दोलन, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, शोधणारे. रामानुजन यांना मद्रास विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून १९१३ मध्ये पत्र लिहिणारेही तेच.

---

शब्दश्रवण

नमस्कार. मी दृष्टिहीन आहे आणि हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतो आहे. उत्तररेषा यांनी सूत्र शब्दांत लिहिलं त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक ठिकाणी समीकरण चित्र म्हणून डकवलेलं असतं, त्या जागी मला नुसतं 'चित्र' एवढंच ऐकू येतं आणि लेख तिथेच संपतो.

विल्यम केरमॅक यांच्याबद्दल कोणीच लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. ते रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये त्याच प्रयोगशाळेत प्रयोग चालू असताना स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी कायमची गेली. वय २६. हा पेपर त्यानंतर तीन वर्षांनी आला, म्हणजे त्यातलं त्यांच्या वाट्याचं गणित त्यांनी न बघता केलेलं आहे. पुढे ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९४९ मध्ये ॲबर्डीनला जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. गणित शिकायचं म्हटल्यावर मला शाळेत 'तुला ते जमणार नाही' असं सांगून दुसरा विषय घ्यायला लावलं होतं. केरमॅक यांचं नाव मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पायवाट मॅडम, मॉडेलची तीन समीकरणं पण शब्दांत सांगाल का?

---

पायवाट

शब्दश्रवण, जरूर. आणि केरमॅक यांच्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

लोकांचे तीन गट. निरोगी पण लागण होऊ शकणारे, सध्या आजारी असलेले, आणि साथीच्या हिशेबातून बाहेर पडलेले, म्हणजे बरे झालेले किंवा मेलेले.

पहिलं समीकरण : निरोगी गट ज्या वेगानं घटतो तो वेग म्हणजे निरोगी गुणिले आजारी गुणिले लागणीचा स्थिरांक. दोन गटांचा गुणाकार, कारण लागण व्हायला दोघांची गाठ पडावी लागते.

तिसरं आधी सांगते, ते सोपं आहे : बाहेर पडणाऱ्यांचा वेग म्हणजे आजारी गुणिले बाहेर पडण्याचा स्थिरांक.

दुसरं : आजारी गटातला बदल म्हणजे पहिल्यातून आलेले वजा तिसऱ्यात गेलेले.

आता दुसऱ्या समीकरणाकडे लक्ष द्या. आजारी वाढत राहतील ते निरोगी लोकांची संख्या 'बाहेर पडण्याचा स्थिरांक भागिले लागणीचा स्थिरांक' याहून जास्त असेल तोवरच. हाच उंबरठा. सुरुवातीला एक रुग्ण दोघांना आजार देत असेल, तर निम्मे लोक बाधित झाल्यावर साथ उतरणीला लागते, पण पेटलेली असल्यामुळे तिथेच थांबत नाही. शेवटी सुमारे ८० टक्क्यांना गाठते, २० टक्के वाचतात. एक रुग्ण सरासरी दीड माणसाला देत असेल तर शेवटचा आकडा ५८ टक्क्यांच्या आसपास.

पेपरातलं मूळ मॉडेल याहून व्यापक आहे, हे सांगायलाच हवं. लागण होऊन किती दिवस झाले त्यानुसार माणूस कमी-जास्त आजार पसरवतो, हे त्यात आहे. ही तीन समीकरणं म्हणजे त्यातला एक सोपा विशेष प्रकार, आणि नेमका तोच जगभर गाजला.

---

चिंचेचा_पार

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले, पण मुंबईच्या आलेखाबद्दल माझा मुद्दा राहतो. मुंबईत प्लेग एकदाच आला नव्हता. १८९६ नंतर कित्येक वर्षे तो दर वर्षी आला, आणि जवळपास त्याच महिन्यांत. हिवाळ्यात सुरुवात, मार्च-एप्रिलला शिखर, पावसाळ्यापर्यंत खलास. मॉडेल म्हणते उंदीर संपत आले म्हणून साथ ओसरली. पंचांग म्हणते ऋतू बदलला म्हणून ओसरली. दोन्हींतून तशीच घंटेच्या आकाराची रेषा निघते. मग जुळणीतून नेमके काय सिद्ध झाले?

निकोला बाकेर या फ्रेंच गणितज्ञांनी २०१२ मध्ये यावरच एक निबंध लिहिला आहे. १९२७ च्या सूत्रातून उलट मोजत गेले तर स्थिरांकांच्या किमती वास्तवाशी जुळत नाहीत, आणि या साथी समजायच्या तर उंदीर, पिसू, माणूस आणि ऋतू यांना मॉडेलमध्ये घ्यावेच लागेल, अशी त्यांची मांडणी आहे. परळच्या पथकानेही ऋतूनुसार पिसवांची संख्या बदलते हे तेव्हाच नोंदवले होते. म्हणजे माहिती हाताशी होती.

यात फरक नुसता तात्त्विक नाही. उंदीर संपले म्हणून साथ गेली असे मानले तर पुढच्या हिवाळ्याची तयारी कोण कशाला करेल?

---

पायवाट

चिंचेचा_पार, मुद्दा शंभर टक्के मान्य. दर बदलले नाहीत हे गृहीतक मुंबईत टिकत नाही, आणि लेखकांनी ज्या अनुमानांपासून सावध केलं होतं तीच पुढच्यांनी काढली. सूचना छापलेली असूनही आलेख पुरावा म्हणून फिरत राहिला. मी वर्गात तो दाखवते तेव्हा आधी गृहीतकं वाचून घेते आणि मग विचारते, यातलं कुठलं तुम्हाला पटत नाही? मुलं नेमकी ऋतूवर बोट ठेवतात. कोकणातली असतील तर लगेच.

पेपराची थोरवी त्या जुळणीत नाहीच, उंबरठ्याच्या सिद्धांतात आहे. तो मुंबईचा आलेख काढून टाकला तरी तसाच उभा राहतो.

---

वडाळा_पूर्व

'प्रत्येकाला लागण होण्याची शक्यता सारखी' या गृहीतकावर मला बोलायचं आहे. कोविडच्या वेळी मी मुंबईत एका प्रभागात स्वयंसेवक होते. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी मिळून तीन प्रभागांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण केलं. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. प्रभाग तेच, महिनाही तोच. एका संडासाला किती कुटुंबं आणि एका खोलीत किती माणसं, यावर लागण ठरत होती.

त्या दिवसांत टीव्हीवर सगळ्या शहरासाठी एकच रेषा दाखवत आणि शिखर कधी येणार यावर चर्चा करत. आमच्या वस्तीतलं शिखर येऊन गेलेलं होतं, समोरच्या सोसायट्यांचं अजून यायचं होतं. ज्यांना घरी अलग राहायला खोली नव्हती त्यांच्यासाठी ती एक रेषा काय कामाची? मला राग येतो तो याचा की सरासरी काढल्यावर आमची माणसं दिसेनाशी होतात. मकेंड्रिक यांनी पटकीच्या गावात उलटं केलं, सरासरीवर विश्वास न ठेवता गाव दोन भागांत तोडून बघितलं. १९२६ मध्ये ज्यांना हे सुचलं त्यांच्याबद्दल मला आदर वाटला.

---

उत्तररेषा

वडाळा_पूर्व, गणिताच्या बाजूनं पुष्टी देतो. असे दोन वेगळे गट एकत्र करून सरासरी दरानं मॉडेल चालवलं तर साथीचा शेवटचा आकार चुकतो. गट वेगळे ठेवून, त्यांच्यात किती ये-जा आहे ते घालून चालवणं अवघड नाही. लागते ती वस्तीनिहाय माहिती, आणि ती गोळा करणारी माणसं.

---

तालुका_वैद्य

मी निवृत्त आरोग्य अधिकारी. ग्रामीण भागात नोकरी केली, गॅस्ट्रोच्या आणि पटकीच्या साथी प्रत्यक्ष हाताळल्या आहेत. पायवाटताईंनी सांगितलेले विहिरीचे गणित पाहून आनंद झाला, पण वैद्यकाच्या बाजूने एक शंका मांडतो.

प्वासाँ लावायचे तर प्रत्येक लागण स्वतंत्र हवी. पटकीत तसे असतेच असे नाही. घरात एक रुग्ण पडला की त्याचे कपडे धुणारी, उलट्या काढणारी आई किंवा सून दोन दिवसांनी पडते. तीन रुग्णांचे घर म्हणजे तिघांनी विहिरीचे पाणी प्यायले, किंवा एकाने प्यायले आणि दोघांना त्याच्यापासून झाले. शिवाय बारा माणसांचे एकत्र कुटुंब आणि दोघा म्हाताऱ्यांचे घर यांना एकाच मापाने कसे मोजायचे? या दोन्ही कारणांनी, विहीर एकच असली आणि सगळे गाव तेच पाणी पीत असले तरीही, काही घरांत रुग्ण जास्त आणि पुष्कळ घरांत शून्य, असेच चित्र दिसेल.

---

पायवाट

डॉक्टरसाहेब, या धाग्यावरची ही सर्वांत महत्त्वाची शंका आहे. नुसत्या आकड्यांवरून 'काही घरं जास्त धोक्यात होती' आणि 'एका रुग्णानं दुसऱ्याला दिलं' यांतला फरक करता येत नाही. दोन्ही कारणांतून अगदी तसंच वितरण निघू शकतं हे संख्याशास्त्रात नंतर सिद्धही झालं. म्हणून मी पेपरातली गावातली चौकशी इतकी महत्त्वाची मानते. गणितानं 'सुमारे ९३ घरं, बहुधा एक विहीर' असं एक विधान मांडलं, ते खोटं ठरवता येण्याजोगं होतं, आणि मग कोणीतरी गावात जाऊन बघितलं. चौकशीत तसं काही सापडलं नसतं तर तुमच्या कारणाकडे वळावं लागलं असतं.

तुम्ही प्रत्यक्ष जागेवर या दोघांतला फरक कसा करत होता?

---

तालुका_वैद्य

तारखांवरून. पटकी दूषित पाण्यातून लागली तर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत लक्षणे दिसतात, बहुतेकांना दोन-तीन दिवसांत. सगळ्या गावाने एकाच वेळी एकाच विहिरीचे पाणी प्यायले असेल तर रुग्णांची लाट एकदम येते, घरातले दोघे-तिघे एकाच दिवशी किंवा लागोपाठ पडतात. घरातल्या घरात पसरत असेल तर पहिल्या रुग्णानंतर मधे एक-दोन दिवसांची फट पडते आणि शेपूट लांबत जाते. म्हणून रुग्णाच्या नावापुढे उलटी-जुलाब सुरू झाल्याची तारीख आणि वेळ लिहिलीच पाहिजे, दवाखान्यात आणल्याची नव्हे. कर्मचारी बहुधा दाखल केल्याची तारीख लिहितात, ती या कामाला निरुपयोगी.

दुसरे म्हणजे पाण्याचा रकाना. आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघर जातात तेव्हा रुग्ण असलेल्या घराची सगळी माहिती घेतात आणि बिनरुग्णाच्या घरापुढे रेघ मारून पुढे जातात. त्या घराची माणसे किती आणि पाणी कुठले, हेही लिहायला हवे. त्याशिवाय तुलना कशाशी करणार? पावसाळ्याआधी आमच्या तालुक्यात प्रशिक्षण असते, मला अजून बोलावतात. या वेळी मकेंड्रिक यांचे पाच आकडे तिथे मांडीन म्हणतो. कंदील यांनी त्यांची स्प्रेडशीट मराठीत करून दिली तर कर्मचाऱ्यांना स्वतः आकडे घालून बघता येईल.

---

कंदील

सर, नक्की करून देतो. रकाने असे ठेवतो : घर क्रमांक, माणसं किती, पिण्याचं पाणी कुठून, रुग्ण किती, प्रत्येकाची लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ. रुग्ण नसेल तर शून्य लिहिल्याशिवाय पुढच्या ओळीवर जाताच येणार नाही अशी सोय करतो. स्क्रीन रीडरवर नीट चालते का ते शब्दश्रवण सरांनी तपासून दिलं तर बरं होईल.

---

शब्दश्रवण

पाठवा. रकान्यांची नावं पहिल्या ओळीत ठेवा आणि खाने एकत्र जोडू नका, तेवढं सांभाळलं की व्यवस्थित वाचता येतं.